गोठ्यातली पाकिटं

पांडूचा राब फसला ते साल मी विसरायचो नाही. त्या साली आमच्या घराण्याची अब्रू कुडपणच्या माळावरनं डोक्यावर वाहून आणावी लागली.

पांडू माझा चुलतभाऊ. त्याचं आणि माझं घर एकाच पडवीला चिकटलेलं. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायला लागलं की एका वळणावर माझी टपरी लागते, भागोजीची टपरी म्हणून सगळे ड्रायव्हर ओळखतात. त्या वळणाच्या बरोबर खाली आमची वाडी. पांडूनं मुंबईत एका इमारतीत लिफ्ट चालवली. जवानी वरखाली करण्यात घालवली आणि गुडघे कुरकुरायला लागले तसा गावाला आला. बायको तुळसा तोवर इथंच शेत कसत होती. म्हणजे शेतकरी ती, आणि सातबाऱ्यावर नाव ह्याचं. असं असतं आपल्याकडं.

टपरीवर चहा पिणारी गिऱ्हाइकं फाल्गुन-चैत्रात खाली धूर बघून मला विचारतात, "काका, जंगलाला आग लागली का हो?" त्यांना सांगतो तेच इथं सांगतो. भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण पसरायचं, त्यावर कवळ, म्हणजे ऐनाच्या नि किंजळीच्या तोडून वाळवलेल्या फांद्या, त्यावर पातेरा, म्हणजे वाळकी पानं, वर बारीक मातीचा थर. मग वाऱ्याच्या खालच्या टोकाकडनं पेटवायचं, म्हणजे विस्तव वाऱ्याच्या उलट रांगत रांगत जातो आणि जमीन सावकाश भाजते. हा राब, आणि ही भाजावळ. भाजलेल्या जमिनीत तण येत नाही, रोप कसं तरारून उठतं.

आता पातेरा रानात झाडून गोळा करण्यापेक्षा रस्त्याच्या गटारात आयता मिळतो. वाऱ्यानं पानं तिथंच जमतात. पण पानांबरोबर पाकिटंही जमतात. घाटात गाड्या थांबतात, माणसं माकडांना वेफर घालतात, माकडं पाकीट हिसकावून फाडतात, आणि माणसाला नि माकडाला दोघांनाही रिकाम्या पाकिटाचं काही सोयरसुतक नसतं. ती पातेऱ्यात मिसळलेली दिसायची सगळ्यांना. पण "जळतंय की," असंच म्हणायचे सगळे. उलट विस्तव लवकर धरतो म्हणून बरंच वाटायचं.

पांडूचा राब वळणाच्या अगदी खाली, त्यामुळं त्याच्या वाट्याला पाकिटं जास्त. त्या साली भाजावळ झाली आणि मातीवर वितळलेल्या पाकिटांची काळी पापडी धरली. कोणी फारसं बघितलं नाही. भात पेरलं, ते जागोजाग उगवलंच नाही. खरूज झालेल्या कुत्र्यासारखा दिसायला लागला तुकडा. लावणी तोंडावर आली आणि घरात रोप नाही.

तुळसाचं माहेर कुडपणला. पांडू, ती नि मी, तिघं रोप मागायला गेलो. मेहुण्यानं एका शब्दानं विचारलं नाही, सरळ रोपाच्या मुठी बांधून दिल्या. पण त्याची बायको दारात उभी राहून म्हणाली, "भावजी, यंदा भात लिफ्टमधनंच वर येयाचा व्हता काय?" सगळी हसली. पांडूही हसला, आणि त्याचे कान तांबडे झाले. वाटेत मुठींचं पाणी आमच्या मानेवरनं पाठीत गळत होतं. बांधावर ओझं टाकल्यावर तुळसा बोलली.

"पुढल्या साली माझ्या राबात एक पाकीट दिसला तं मी म्हायेरी जाईन. रोप मागायला नाय, ऱ्हायला."

तुळसा एकदा बोलली की बोलली.

पौषात कवळ तोडायला बायका रानात जायला लागल्या तशी ती पातेरा निवडायला बसली. तांदूळ निवडतात तसं. पानं एका बाजूला, पाकिटं दुसऱ्या बाजूला. तिच्याबरोबर काशीबाई. काशीबाई बौद्धवाडीतली, अंगणवाडीत मदतनीस, हाडानं काटक आणि तोंडानं त्याहून काटक. तिचं शेत पांडूच्या शेताखाली, एकाच वहाळावर, म्हणजे ओढ्यावर. वरनं पाकिटं वाहून आली की तिच्या पाटाचं तोंड बुजायचं, आणि ती कमरेइतक्या पाण्यात उतरून हातानं उपसायची. दोघी गटार उपसायच्या, वहाळाच्या कडेची झुडपं झाडायच्या. बोटं काट्यांनी ओरबाडलेली, कंबर धरलेली.

मी वरनं बघायचो. टपरीला मी वेफरच्या पाकिटांच्या माळा लावतो, त्या झुळझुळतात तेव्हा गाड्या थांबतात. चहावर काय भागतं का माझं? पण तुळसा खालनं हाक मारायची, "ओ भावजी, तुमची पोरा आलीत बगा खाली. घरी घेऊन जावा." आणि हातातलं लाल पाकीट हलवून दाखवायची. बाकीच्या बायका खिदळायच्या. मी म्हणायचो, "वयनी, मी काय घरात बनवतो काय ती?" खरंच की नाही? पण राग यायचा. मनाला लागायचं म्हणूनच राग यायचा.

माघात त्या लाल पाकीटवाल्या कंपनीचा माणूस आला. राजेश साहेब. बरा वाटला, आवाज मऊ, चपला काढून शाळेत आला. बायकांना टोप्या दिल्या, हातमोजे दिले, कंपनीचं नाव छापलेली पोती दिली. म्हणाला, "आता कायदाच झालाय. जी कंपनी पाकीट बनवते, तिनंच ते परत उचलायचं. ती आमची जबाबदारी. तुम्ही फक्त गोळा करून ठेवा. आमची गाडी येऊन घेऊन जाईल."

काशीबाईनं विचारलं, "सगळा नेणार?"

"सगळं."

"बाटल्याबी, पाकिटाबी?"

"ताई, सगळं म्हणजे सगळं."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सरकारी नि कंपनीची गाडी म्हटलं की आमच्याकडं लोक आधी रस्त्याकडं बघतात, येते तरी का म्हणून. तेव्हा तुळसा उठली. "तुमी गोला करा गो," ती म्हणाली. "गाडी नाय आली तं मला इचारा. मी हाय ना हितं." पोती ठेवायची कुठं हा प्रश्न आला. रस्त्याजवळचा गोठा पांडूचा. पांडू तोंड उघडणार तोवर तिनं गोठा देऊन टाकलेला होता. साहेबानं सगळ्यांचा टोप्या घालून फोटो काढला. त्यात पांडू एकटा बिनटोपीचा आहे आणि त्याचं तोंड कडू आहे.

मग वाडीला चेवच आला. दोन्ही वाड्यांतल्या बायका लाकूडफाटा आणायला जाताना पोतं घेऊन जायच्या. वळणं झाडली, वहाळ मोकळा केला, रस्त्याखालच्या मोरीच्या पोटातनं तर इतकं निघालं की काशीबाई म्हणाली, हिला बाळंत करायला सुईण पायजे व्हती. गोठ्यात पोत्यावर पोतं चढलं. बैल आधी कोपऱ्यात सरकले, मग दारात आले.

एकदाची गाडी आली. वाडीतली सगळी बाहेर जमली. गाडीवरच्या माणसानं पोती उघडून जमिनीवर ओतली, बाटल्या वेचल्या, दुधाच्या पिशव्या वेचल्या, आणि पाकिटांचा ढीग तसाच ठेवून हात झटकले.

"ह्या कोन नेनार?" तुळसानं विचारलं.

"ही नाही घेत कोणी, मावशी. ह्याला आतनं चंदेरी अस्तर असतं. भंगारवालापण हात लावत नाही."

"पन सायेब बोलला सगळा नेणार."

"साहेबाला विचारा मग." तो गाडीत बसला. गाडी गेली, आणि वाऱ्यानं ढिगातली पाकिटं पुन्हा अंगणभर झाली. बायकांनी ती परत भरली. त्या वेळी कोणी हसलं नाही. तुळसा एकेक पोतं शिवत गेली.

आमच्याकडं फोनला रेंज माझ्या टपरीजवळच मिळते. तिथनं मी साहेबाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तुळसा नि काशीबाई बाकड्यावर बसल्या.

"ताई, तुमचं काम फार छान झालंय," साहेब म्हणाला. "पण काय आहे, आमचं या वर्षीचं टार्गेट पूर्ण झालं. कंपनीनं दुसऱ्या जिल्ह्यातून तेवढं वजन उचललं."

"म्हंजे तिकडचा उचलला म्हनून हिकडचा उचलल्यासारखा?"

"हिशेबात तसंच धरतात, ताई."

काशीबाई फोनवर वाकली. "सायेब, शेजारणीच्या पोराचा नाक पुसला म्हनून आपल्या पोराचा शेंबूड जातो काय हो?"

मग साहेब म्हणाला, बघतो, वर बोलतो. ते वर कुठं असतं कोण जाणे. पांडू लिफ्ट चालवायचा, त्यालाही सापडलं नसतं.

फाल्गुन लागला. ऊन तापायला लागलं. पांडूचे बैल दिवसभर आंब्याखाली बांधलेले, सावली सरकेल तसे पांडूनं त्यांचं दावं सरकवायचं. एकाच्या पाठीला उन्हानं चट्टा पडला. पेंढा उघड्यावर. वाडीतले टारगट म्हणायचे, "पांडूनं वेफरचा कारखाना काढला हाय, लवकरच कामगार भरती." पांडू ऐकून घ्यायचा. संध्याकाळी दोन घास कमी जेवायचा.

खरी पंचाईत पुढंच होती. एकेकाची भाजावळ व्हायला लागली. सकाळी वारा पडलेला असताना राब पेटायचे, डोंगरभर निळा धूर. पांडूचा राब रचून तयार होता. शेण, कवळ, निवडलेला पातेरा, वर चाळलेली माती. असा देखणा राब वाडीत दुसरा नव्हता. पण तो गोठ्याला लागूनच. शेण वाहायला सोपं म्हणून आमच्या आजोबांच्या वेळेपासनं तिथंच. एरवी विस्तव उडाला तर कुडाच्या भिंतीवर पाणी मारून भागतं. पण आत छपरापर्यंत प्लास्टिक भरलेलं. एक ठिणगी पुरे, गोठा तर जाईलच, पडवी जाईल, माझं घरही जाईल. पोती हलल्याशिवाय राब पेटवता येईना, आणि राब भाजल्याशिवाय रोप नाही. म्हणजे पुन्हा लोकांच्या दारात.

एक दिवस भर दुपारी पांडूचा बांध फुटला.

"दरीत टाकतो सगळी," तो पोतं ओढत म्हणाला. "पावसात जाईल वाहून."

तुळसा दारात आडवी झाली. "कुठं जाईल?"

"कुठं का जाईना. जाईल."

"काशीबायच्या शेतात जाईल. तिथनं सावित्रीत. तिथनं महाडच्या लोकांच्या घरात, पुराच्या पान्याबरोबर."

"मग माज्या घरातच ऱ्हाऊदे काय सगळ्या मुलखाचा उकिरडा? बैल बग माझं. पाठ बग त्याची." पांडूनं आंब्याकडं बोट दाखवलं. "त्या बायका तुला नावा ठेवतात गो. दोघी तं यायच्याबी बंद झाल्या. कोनासाठी करतीस?"

तिनं पोत्याचं दुसरं टोक धरलं आणि ते परत आत ओढलं. पांडूनं सोडलं. मग ती पोत्यांना पाठ लावून खाली बसली आणि पदरानं तोंड झाकून रडली. मी पडवीतनं बघत होतो. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पांडूनं तांब्याभर पाणी आणून तिच्यापुढं ठेवलं आणि बैलाचं दावं सरकवायला गेला.

होळी झाली. दुसऱ्या दिवशी धुळवड, म्हणजे पोस्त, सणाचे चार पैसे, मागायचा दिवस. शिमग्यात आमच्याकडं पोरं रस्त्यावर दोर आडवा धरतात, ढोल वाजवतात, आणि गाडीवाल्यानं पोस्त दिलं की दोर खाली. गाडीवाले कुरकुरतात, पण देतात. शिमगाच असतो, त्यात राग धरायचा नसतो. बायका काही दोर धरत नाहीत. त्यांनी लांब उभं राहून बघायचं.

दुपार कलल्यावर हर्षदचा टेंपो घाट उतरून आला. हर्षद महाडच्या एजन्सीचा पोरगा, दर आठवड्याला घाटातल्या सगळ्या टपऱ्यांना माल टाकतो. वेफर, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. सकाळी भरून चढतो, दुपारी रिकामा उतरतो. हसरा आहे. त्यानं लांबूनच खिशात हात घातला.

पोरांच्या हातातला दोर तुळसानं घेतला. दुसरं टोक काशीबाईनं. ढोल आपोआप थांबला.

"काय वयनी, आज तुमी?" हर्षदनं डोकं बाहेर काढलं. "हे घ्या पोस्त."

"पोस्त नको," तुळसा म्हणाली. "मागं काय हाय टेंपोत?"

"काय नाय. रिकामा हाय."

"मग आमी भरतो."

हर्षद हसला. मग पोती यायला लागली तसं त्याचं हसू गेलं. पोरांना गंमत वाटली, त्यांनी रांगच लावली. शिमग्याच्या आरोळ्या ठोकत एकेक पोतं वर चढायला लागलं.

"अवो, थांबा. माजी नोकरी जाईल. आमचं काम माल पोचवायचं हाय, कचरा न्यायचं नाय."

"ही पाकिटा कोनी आनली वर?" काशीबाईनं विचारलं.

"मीच आनतो, पण भरलेली आनतो."

"मग रिकामी कोनी न्यायची? त्यांना काय पाय हायत? तुज्या गाडीतनं आली, तुज्या गाडीतनं जाऊदेत."

हर्षद माझ्याकडं बघायला लागला. "भागोजीकाका, तुमी तरी सांगा."

मी काय सांगणार. मी विडी पेटवली. तो बिचारा नुसता ड्रायव्हर, पण त्या दिवशी मला आंब्याखालचे बैल दिसत होते. म्हटलं, "हर्षद, शिमगा हाय बाबा. शिमग्यात नाय म्हनत नाय."

मावतील तितकी पोती टेंपोत गेली. अर्धा गोठा मोकळा झाला. हर्षद तोंड पाडून गेला. संध्याकाळी बैल आत बांधले, आणि पांडूनं त्यांच्या पाठीला तेल लावलं.

वाटलं, सुटलो. पण पुढच्या आठवड्यात हर्षद माल टाकायला आला तो गाडी चालू ठेवूनच. माझी खोकी रस्त्यावर उतरवली, म्हणाला, "शेठ लय भडकलाय. गोडाऊनमदी पोती पडलीत, उंदीर झालेत. पुना एक जरी पोतं आनलंस तर घरी बस म्हनाला." आणि उतरताना वाडीजवळनं असा सुसाट गेला की तुळसा पोतं घेऊन रस्त्यावर येईतो टेंपो वळणापलीकडं गेला होता. ती पोतं घेऊन तिथंच उभी राहिली. तिच्यासमोरनं दोन गाड्या गेल्या, एकीतनं कोणीतरी पाकीट बाहेर टाकलं. तिनं ते वाकून उचललं आणि पोत्यात घातलं.

मी माणूस म्हणून काही थोर नाही. धंद्यापुढं मला भाऊबंदकी दिसत नाही, असं माझी बायकोच म्हणते. पण ते वाकणं मला बघवलं नाही. हर्षदनं उतरवलेली खोकी मी फोडलीच नाहीत. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा ती तशीच त्याच्यापुढं ठेवली.

"काय झालं काका? माल खराब हाय?"

"माल चांगला हाय. पन जी गाडी रिकामं नेत नाय, तिचं भरलेलं मी घेत नाय. शेठला सांग."

"धंदा बसंल तुमचा."

"बसूदे."

बसलाच. माळा उतरवल्यावर टपरी बोडकी दिसायला लागली. गाड्या थांबेनात. बायको दिवसातनं चारदा माझा उद्धार करायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं. वरच्या वळणावरचा टपरीवाला मला हसायला आला होता, तो बाकड्यावर बसून खालचा न पेटवलेला राब बघत राहिला. डोंगरभर सगळे राब काळे झालेले, पांडूचा एकटा मातकट. चहा संपवून म्हणाला, "पांडूचा ऱ्हायला काय अजून?" पुढच्या खेपेला त्यानंही माल परत केला. मग त्याच्या वरच्यानं, असं करत घाटातल्या सगळ्यांनी.

तेव्हा एजन्सीचा मालक किशोर शेठ स्वतः आला. पांढरी गाडी, गळ्यात चेन, उतरतानाच आवाज चढलेला. "भागोजी, काय लावलंय हे? तुमच्या पाकिटांशी माझा काय संबंध? मी विकतो फक्त."

"मीबी विकतोच फक्त," मी म्हणालो. "खाली चला. दाखवतो."

तो बडबडतच खाली आला. अंगणात पाऊल टाकलं आणि थबकला. समोर रचलेला राब. मातीच्या थराला उन्हानं भेगा पडलेल्या. पांडू बाजूला उकिडवा बसलेला. शेठ मूळचा वरंधचा, त्याचा बाप अजून भात करतो, हे मला माहीत नव्हतं. तो वाकला, राबावरची माती चिमटीत घेऊन चुरली.

"भाजला नाही अजून?" त्यानं हळू विचारलं. "वळवाचा पाऊस आला तर भिजंल की सगळा."

"कसा भाजू?" पांडू म्हणाला आणि गोठ्याकडं हात केला.

शेठनं गोठ्यात डोकं घातलं. बराच वेळ आत बघत होता. सगळी पोती त्याच कंपनीच्या नावाची, आणि त्याच्या गोडाऊनवर पाटीही त्याच नावाची. तुळसा चहा घेऊन आली. त्यानं कप घेतला, पण प्याला नाही.

"मला काय वाटलं, वयनी, तुम्ही माझ्या अंगावर ढकलताय," तो म्हणाला.

"ढकलतोच हाय," तुळसा म्हणाली. "तुमी बी ढकला वर. आमच्या वर तुमी, तुमच्या वर ते. आमच्या खाली फक्त शेत हाय, तिथं ढकलायचा नाय मला."

शेठनं चहा एका घोटात संपवला आणि माझ्या टपरीवर येऊन राजेश साहेबाला फोन लावला. मऊ बोलला नाही. "साहेब, तुमचा ट्रक माझ्याकडं भरून येतो आणि रिकामा जातो. येत्या खेपेला तो ही पोती घेऊन जाईल. नाहीतर तुमचा माल मी उतरवून घेणार नाही... नाही, टार्गेट तुमचं तुमच्याजवळ ठेवा. घाटातल्या सगळ्या टपऱ्यांनी माल घेणं बंद केलंय, ते तुमच्या वरच्यांना सांगा. हिशेब त्यांना लगेच कळेल."

कळला. साहेबाचा फोन आला तेव्हा मी टपरीवरनं ओरडून तुळसाला बोलावलं. ट्रक नेईल म्हणाला, पाकिटं सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातील. आणि यापुढं घाटातली पाकिटं माल टाकणाऱ्या गाडीनंच परत आणायची, असं ठरलं. मग मऊ आवाजात म्हणाला, "ताई, सुरुवातीलाच हे सुचायला हवं होतं आम्हाला. मी येतो एकदा, तुमचा परत फोटो काढायला."

काशीबाई मागनं म्हणाली, "आमचा काढलाव की. आता टेंपोचा काढा, भरलेला."

हर्षदनं दोन खेपा केल्या. शेवटचं पोतं गेलं तसा पांडूनं गोठा झाडून, शेणानं सारवून घेतला आणि सारवलेल्या जमिनीवर आडवा पडून घोरला. बायका परत यायला लागल्या. बंद झालेल्या दोघीही आल्या, सरळ गटार झाडायला लागल्या, आणि तुळसानं त्यांच्या हातात पोतं दिलं. माझ्या टपरीवर माळा परत लागल्या. खाली मी एक पोतं टांगलंय, आणि पाकीट विकत घेणाऱ्याला आधी ते दाखवतो. ऐकतात काही. काही शिव्या घालतात. मीही घालतो.

पांडूनं राब भाजायला काढला त्या सकाळी वारा अगदी पडलेला होता. सगळ्यांचे राब भाजून झालेले, त्यामुळं दोन्ही वाड्या बघायला आल्या होत्या. काशीबाई पाण्याची कळशी घेऊन कुडाजवळ उभी. पांडूनं गवताची चूड पेटवली आणि तुळसाला हाक मारली. इतक्यात वर हर्षदचा टेंपो घाट चढायला लागला.

"थांबा वायच," म्हणत तुळसा गोठ्यात गेली, एक पोतं उचललं आणि वाट चढून रस्त्यावर गेली. पोतं अर्धंसुद्धा भरलेलं नव्हतं. आठवड्यात तेवढंच जमलं होतं. मी टपरीतच होतो.

हर्षद वैतागला. "वयनी, एवढ्याशासाठी गाडी थांबवली? पुढच्या आठवड्यात दिलं असतंत भरून. आन मी आता वर चाललोय, उतरताना घेतो की."

"उतरताना घे, नायतर आता घे. भरलेला आसो, नायतर मूठभर आसो." तिनं पोतं त्याच्या पायाशी ठेवलं. "तू फक्त थांबायची सवय लाव. आमी पिढ्यान्‌पिढ्या हितं ऱ्हातोय, हितनं जानारी गाडी कधी आमच्यासाठी थांबली नाय."

खाली पांडू चूड धरून ताटकळला होता, चटका बसून हात बदलत होता. तुळसानं वरनंच त्याला हातानं खूण केली. त्यानं वाऱ्याच्या खालच्या टोकाला चूड लावली, आणि धुराची पहिली रेघ उठली.

हर्षदनं गाडी बंद केली, खाली उतरला आणि पोतं उचलून मागं ठेवलं.